टमी टकनंतरचा पोटाचा पट्टा: गोव्याच्या दमट हवेत तो कसा घालायचा, कसा सांभाळायचा

टमी टक, म्हणजे पोटाची जादा त्वचा आणि चरबी काढून पोट सपाट करण्याचं ऑपरेशन, करायचं ठरलं की घरात बोलणं होतं ते ऑपरेशनच्या दिवसाचं. भूल कोणती, टाके कुठे, सुट्टी किती. त्यानंतरचे जवळपास सहा आठवडे जो अंगावर राहणार, त्या कॉम्प्रेशन गारमेंटबद्दल, म्हणजे घरात ज्याला सगळे पट्टा किंवा बेल्ट म्हणतात त्याबद्दल, फार थोडं बोललं जातं. माझ्या चुलत बहिणीला घरी सोडताना पट्ट्याची नवी पिशवी हातात मिळाली, पण तो घालून कोणी दाखवला नाही. तिची शुश्रूषा माझ्याकडे होती. तेव्हा सर्जनना, ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरना विचारत विचारत जे कळलं ते इथे एकत्र लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. तुमच्या सर्जनने वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका, कारण तुमचं पोट त्यांनी आतून पाहिलेलं आहे.

पट्टा नेमकं काय करतो

या ऑपरेशनमध्ये ओटीपोटावर एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत छेद घेतात, तिथून वर बरगड्यांपर्यंत त्वचा आणि चरबीचा थर स्नायूंपासून सोडवतात, बाळंतपणात किंवा वजनाने फाकलेले स्नायू मध्यभागी शिवून जवळ आणतात, जादा त्वचा कापतात आणि उरलेली खाली ओढून शिवतात. बेंबीला वरच्या त्वचेत नवी जागा करून देतात. म्हणजे बाहेरून एक लांब व्रण दिसला तरी आत मोठी जागा उघडी झालेली असते. त्या जागेत पाणी साचतं, त्याला सिरोमा म्हणतात, आणि टमी टकनंतर सर्वांत जास्त आढळणारी तक्रार तीच आहे. पट्टा त्वचेचा थर स्नायूंवर टेकवून ठेवतो, सूज पसरू देत नाही आणि खोकताना, उठताना आतल्या शिवणीला आधार देतो.

पट्टा चरबी कमी करत नाही. कमर बारीक करत नाही. हे ठासून सांगावंसं वाटतं, कारण घरोघरी होणारी चूक इथूनच सुरू होते: जितका आवळू तितकं पोट सपाट बसेल, ही समजूत. पट्ट्याने सिरोमा नक्की टळतो असंही संशोधनाने ठामपणे सिद्ध केलेलं नाही. म्हणूनच काही सर्जन तो पहिल्या दिवसापासून देतात, काही थोडे दिवस थांबून देतात. उलट फार आवळलेल्या पट्ट्याचा तोटा मात्र समजण्यासारखा आहे. पोटातला दाब वाढतो, पायांकडून वर येणारं रक्त मंदावतं आणि शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो. शिवाय ओढून शिवलेल्या त्वचेच्या बऱ्याच रक्तवाहिन्या ऑपरेशनमध्ये कापल्या गेलेल्या असतात. बेंबीखालच्या मधल्या भागाला रक्त सर्वांत लांबून पोचतं. त्यावर जास्त दाब आला तर ती त्वचा काळवंडू शकते. सिगारेट, विडी ओढणाऱ्यांत हा धोका आणखी मोठा, म्हणून सर्जन ऑपरेशनच्या आधी आणि नंतर काही आठवडे तंबाखू पूर्ण बंद करायला सांगतात.

आता सर्वांत महत्त्वाचं. ऑपरेशननंतर बेंबीखालचं पोट कित्येक महिने बधिर असतं. तिथल्या संवेदनेच्या नसा कापलेल्या असतात. पट्टा रुततो आहे, घडी पडली आहे, चेन त्वचेला लागते आहे, यातलं काहीच कळत नाही. ‘दुखत नाही, म्हणजे ठीक आहे’ हा हिशेब इथे चालत नाही. हाताने आणि डोळ्यांनी तपासायचं, रोज. त्याच कारणाने पोटावर गरम पाण्याची पिशवी किंवा बर्फ ठेवायचा नाही. भाजलं तरी कळत नाही.

आधीची तयारी: तारीख, माप, खरेदी

हे तातडीचं ऑपरेशन नाही, तेव्हा महिना आपल्या हातात असतो. गोव्यात जून ते सप्टेंबर पाऊस, वर्षाला सरासरी सुमारे ३००० मिलिमीटर. हवा सदा ओली, दोरीवरचे कपडे दोन दोन दिवस वाळत नाहीत. एप्रिल-मेमध्ये घामाच्या धारा. नायलॉन आणि लायक्राचा पट्टा रात्रंदिवस अंगावर ठेवायचा तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस सर्वांत सुसह्य. चतुर्थीचाही हिशेब करा. चवथीच्या घरात माटोळी बांधण्यापासून पाहुण्यांच्या पंगतीपर्यंत बाईला कोणी बसू देत नाही आणि तिलाही बसवत नाही. सहा आठवडे पुरे होण्याच्या आत चवथ येत असेल तर तारीख पुढे ढकला. घरात लग्नकार्य किंवा गावची जत्रा असेल तरी तेच.

पट्ट्याचे ढोबळ दोन प्रकार. एक, वेल्क्रोचा रुंद बाइंडर, सिझेरियननंतर देतात तसा. घालायला सोपा, जास्तकमी करता येतो, पण बसल्यावर वर सरकतो किंवा गुंडाळतो. दुसरा, अंगभर बसणारा गारमेंट, छातीखालून मांडीपर्यंत, बाजूला हुक आणि चेन, लघवीसाठी खाली उघडा. कमरेच्या बाजूंची लायपोसक्शनही, म्हणजे नळीने चरबी शोषून काढणं, केली असेल तर सहसा हाच लागतो. बरेच सर्जन सुरुवातीला बाइंडर किंवा सैलसर गारमेंट देतात आणि सूज उतरू लागली की त्याहून घट्ट बसणारा दुसरा देतात. पणजी, म्हापसा, मडगाव, फोंडा इथल्या सर्जिकल दुकानांत बाइंडर सहज मिळतो. पूर्ण गारमेंट बहुधा मागवावा लागतो, म्हणून सर्जनशी बोलून आधीच सांगून ठेवा.

माप उभं राहून, श्वास न रोखता घ्यायचं: छातीखाली, बेंबीवर, नितंबांच्या सर्वांत रुंद भागावर आणि गारमेंट मांडीपर्यंत असेल तर मांडीवर. ऑपरेशननंतर सूज असते, तेव्हा ‘आता पोट जाणारच आहे’ म्हणून एक साईज लहान घेऊ नका. दोन साईजच्या मधे माप आलं तर मोठा घ्या. हुकांच्या दोन-तीन रांगा असलेला निवडा, म्हणजे सूज उतरेल तशी आतली रांग वापरता येईल. आणि एक गोष्ट घालून पाहतानाच तपासा: पट्ट्याची कड टाक्यांच्या रेषेवर येता कामा नये. व्रण ओटीपोटावर खूप खाली असतो, तो पूर्णपणे पट्ट्याच्या आत झाकला गेला पाहिजे. कड बरोबर टाक्यांवर आली तर चालताना, बसताना ती तिथेच घासत राहते.

कमीत कमी दोन नग घ्या, पावसाळ्यात तीन. सोबत शिवण नसलेल्या सुती बनियन, सैल मॅक्सी किंवा गाऊन, पुढून उघडणारे कपडे. परकर आणि साडी काही आठवडे बाजूला ठेवा. पट्ट्यावरून बांधलेली परकराची नाडी एका रेषेत रुतते आणि बधिर पोटाला ते कळतच नाही.

घरातली वडीलधारी माणसं बाळंतिणीचं पोट जुन्या लुगड्याने बांधण्याची आठवण काढतील. सासूबाईंच्या मनात मायाच असते, पण इथे ते नको. कापडाचा दाब एकसारखा पडत नाही, गाठ एका जागी रुतते, आणि इथे आत ताजी शिवण आहे. टीव्हीवर दाखवतात ते घाम काढणारे रबरी स्लिम बेल्ट तर अजिबात नकोत.

पहिले दिवस आणि ड्रेन

पहिल्या दिवसापासून पट्टा द्यायचा असेल तर तो ऑपरेशन थिएटरमध्येच बांधला जातो आणि सर्जन सांगेपर्यंत तो आपण उघडायचा नाही. बहुतेकांना एक किंवा दोन ड्रेन असतात, म्हणजे आतलं पाणी बाहेर आणणाऱ्या बारीक नळ्या आणि त्यांच्या टोकाला दाबून ठेवलेला फुगा. नळी पट्ट्याखाली दुमडली किंवा हुकाखाली दाबली गेली तर पाणी आतच राहतं. म्हणून नळीला सरळ वाट द्या, फुगा बाहेर, नळी निघते त्या जागेच्या खाली राहील असा पट्ट्याला पिनेने अडकवा. पिन पट्ट्याच्या कापडातच, नळीत नाही. रोज ठरावीक वेळेला किती मिलिलिटर आलं, रंग कसा आहे, ते वहीत लिहा. २४ तासांत साधारण ३० मिलिलिटरच्या खाली आलं की बरेच सर्जन ड्रेन काढतात. ही वही तपासणीला बरोबर न्या.

पहिल्यांदा पट्टा काढताना

ही पायरी सर्वांत सांभाळून करायची. अनेक तास किंवा दिवस दाबाखाली असलेलं पोट एकदम मोकळं झालं की रक्तदाब उतरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, काहींना उलटी होते, काही जण चक्कर येऊन पडतात. त्यामुळे आधी थोडी पेज किंवा बिस्किट-चहा पोटात जाऊ द्या. पलंगावर, पाठीमागे उशा आणि गुडघ्यांखाली एक उशी घेऊन पडल्या पडल्याच काढायला सुरुवात करा. चार-पाच हुक काढा, थांबा, पुन्हा चार-पाच. पूर्ण उघडल्यावर पाचेक मिनिटं तसंच पडून राहा. मग कुशीवर वळून, हाताने रेटा देऊन बसा. पोटाच्या जोरावर सरळ उठायचं नाही. पाय खाली सोडून जरा बसा, मगच उभं राहा.

न्हाणीघरात प्लास्टिकची खुर्ची ठेवा, पाणी कोमट, कढत नको, दाराला आतून कडी नको, आणि कोणीतरी हाकेच्या अंतरावर हवं. अंघोळ कधीपासून करायची ते सर्जन सांगतात. कोणी दोन दिवसांनी परवानगी देतात, कोणी ड्रेन निघाल्यावर. पाणी व्रणावरून वाहू द्या, चोळू नका. विहिरीत, तळीत किंवा समुद्रात उतरणं व्रण पूर्ण भरेपर्यंत बंद.

ही मदत कोणी करायची हेही आधीच ठरवा. नवऱ्याला संकोच वाटत असेल तर बहीण, नणंद, जाऊ. पहिला आठवडा एकटीने हे जमत नाही आणि जमवायचा प्रयत्नही करू नये.

परत घालताना

अंग पूर्ण कोरडं करा. टाके, बेंबी आणि जांघा स्वच्छ मऊ कापडाने टिपा आणि पंख्याखाली दहा मिनिटं पडून राहा. गोव्यात ही दहा मिनिटं वाचवायची नाहीत. मग सांगितलेलं ड्रेसिंग, बेंबीवर छोटा गॉज, त्यावर सुती बनियन. बनियनला घडी नको.

पूर्ण गारमेंट असेल तर बसून दोन्ही पाय घाला, मांडीपर्यंत वर घ्या, मग उताणं पडून गुडघे वाकवून खालून वर हुक लावत या. आधी सगळे हुक, सर्वांत सैल रांगेत. चेन त्यानंतर, आणि चेनच्या खाली दुसऱ्या हाताची बोटं सरकवत न्यायची, म्हणजे त्वचा अडकत नाही. बाइंडर असेल तर तो पलंगावर पसरून त्यावर पडा. दोन्ही बाजू सारख्या ओढून मध्ये चिकटवा. खालची पट्टी आधी, वरची थोडी सैल.

मग पारख. तळहात सपाट ठेवून पट्ट्याखाली सरकवून पाहा. थोड्या प्रयत्नाने जायला हवा. अगदी सहज जात असेल तर सैल, जातच नसेल तर घट्ट. खोल श्वास घ्या, अडखळायला नको. खुर्चीवर बसून पाहा, वरची कड गुंडाळते का, मांडीशी कापते का. सर्जनने फोमचे पॅड दिले असतील तर ते ज्या जागी सांगितले तिथेच, कडा दुमडणार नाहीत असे.

रोजची तपासणी

दिवसातून निदान दोनदा, उजेडात. खालचा भाग आपल्याला वाकून दिसत नाही, म्हणून हातआरसा घ्या किंवा मोबाईलवर फोटो काढा. त्वचेवर शिवणीची फिकट खूण उठली आणि थोड्या वेळात गेली तर चिंता नाही. खोल चर, फोड, जांभळट किंवा पांढरा पडलेला भाग दिसला तर पट्टा लगेच सैल करा आणि त्याच दिवशी कळवा. बेंबीखालच्या त्वचेवर बोट दाबून सोडा. पांढरी झालेली जागा दोन-तीन सेकंदांत पूर्वीच्या रंगावर यायला हवी. पाय सुजतात का, मांडीला मुंग्या येतात का, जेवल्यावर गच्च होऊन दम लागतो का, हेही पाहा. जेवण थोडं थोडं, चार-पाच वेळा विभागून घेतलं तर पट्ट्यात गच्च वाटत नाही. खारं, सुकी मासळी, लोणचं, पापड हे महिनाभर हात राखून, मिठाने सूज वाढते. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका. कुंथल्याने आतल्या शिवणीवर ताण येतो.

घाम, पाऊस आणि धुणं

आपल्याकडची खरी लढाई ही. ओला पट्टा अंगावर राहिला की दोन दिवसांत घामोळं, आठवडाभरात जांघेत आणि कमरेला खाजरी गोल चकंदळं. ती बुरशी असते. औषधाच्या दुकानातून ‘खाजेवरचं मलम’ आणून लावू नका. त्यातल्या बऱ्याच मलमांत स्टिरॉइड मिसळलेलं असतं, त्याने आधी बरं वाटतं आणि नंतर नायटा पसरतो. डॉक्टरांना दाखवा. टाल्कम पावडर टाक्यांच्या आसपास नको, ती ओल धरून गोळा होते. बनियन घामेजली की बदला, दिवसातून तीनदा बदलावी लागली तरी बदला. वरच्या कडेला सिलिकॉनची पट्टी असेल आणि तिथे फोड आले तर ती पट्टी बाहेर दुमडून खाली कापड ठेवा आणि सर्जनला सांगा.

पट्टा साध्या पाण्यात, सौम्य साबणाने, हाताने धुवा. ब्लीच नको, कपडे मऊ करणारं द्रव्य नको, पिळणं नको. लायक्राची ओढ त्यानेच जाते. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, पाणी टॉवेल घेतो. मग सावलीत, आडवा पसरून, पंख्याखाली. पावसाळ्यात घाईघाईने चुलीवर, गॅसच्या धगीवर किंवा इस्त्रीने वाळवायचा मोह होतो. त्याने कापड कडक होतं आणि ताण जातो. म्हणूनच तीन नग: एक अंगावर, एक वाळत, एक कोरडा हाताशी. वीज गेली आणि पंखा बंद, अशा रात्री त्या तिसऱ्या नगाची किंमत कळते. हाताने ताणून सोडल्यावर पट्टा पूर्वीसारखा परत येत नसेल किंवा कुबट वास जात नसेल तर तो टाकून द्या.

बसणं, झोपणं, चालणं, प्रवास

पहिले एक-दोन आठवडे कमरेत थोडं वाकूनच चालायचं असतं, त्वचेवर ताण नको म्हणून. बाल्कांवातली, म्हणजे घराच्या पुढच्या ओसरीतली, आरामखुर्ची या दिवसांत पलंगापेक्षा बरी पडते: पाठ उंच, गुडघे वाकलेले. जमिनीवर मांडी घालून बसणं टाळा. पट्टा आहे म्हणून पडून राहू नका. जागेपणी दर दीड-दोन तासांनी घरातल्या घरात फेरी मारा, बसल्या जागी पावलं वर-खाली हलवा, खोल श्वास घ्या. गुठळी टाळण्यासाठी पट्ट्यापेक्षा हे चालणं मोलाचं आहे. खोकला आला तर पट्ट्यावरून उशी धरा. पाण्याची कळशी, सिलिंडर, कडेवर मूल, चार-पाच किलोच्या वरचं काहीही सहा आठवडे उचलायचं नाही. पट्टा घातला म्हणून वजन उचलता येतं असं नाही.

वाळपई, काणकोण किंवा पेडण्याहून तपासणीसाठी पणजी-बांबोळीला यायचं तर गाडीत सीट मागे झुकवा, सीट बेल्ट लावा पण त्याच्या आणि पोटाच्या मधे मऊ टॉवेल ठेवा, आणि वाटेत एकदा उतरून चाला. पहिले काही आठवडे कदंब बसच्या गर्दीत उभं राहून किंवा स्कूटरवर मागे बसून येऊ नका.

किती आठवडे

सर्वसाधारण पद्धत अशी: पहिले दोन-तीन आठवडे अंघोळ सोडून रात्रंदिवस. त्यानंतर सहाव्या आठवड्यापर्यंत रोज साधारण बारा तास. दिवसा घालायचा की रात्री, ते सर्जनला विचारा. उभ्याने काम असेल त्यांना सहसा दिवसा बरं पडतं, कारण सूज संध्याकाळी चढते. सकाळी सपाट असलेलं पोट संध्याकाळी फुगलेलं दिसलं की मन खट्टू होतं, पण हे कित्येक महिने होत राहतं. म्हणून पट्टा एकदम सोडू नका, आठवड्याला दोन-तीन तास कमी करत जा. कमी केल्यावर सूज फार वाढली तर दोन दिवस पुन्हा मागच्या वेळेवर या. सहा-आठ आठवड्यांनंतर सवयीने महिनोन् महिने पट्टा लावून ठेवण्यात अर्थ नाही. स्नायूंनी आता स्वतः काम करायचं असतं, आणि व्यायाम कधी सुरू करायचा ते त्याच भेटीत विचारून घ्या.

थांबायचं नाही, लगेच कळवायचं

ड्रेन निघाल्यावर पोटात पाणी हिंदकळल्यासारखं वाटलं किंवा एका जागी फुगवटा आला तर सिरोमा असू शकतो. सर्जन सुईने पाणी काढतात, कधी कधी ते परत परत काढावं लागतं. तो फुगवटा पट्टा आवळून घरी दाबायचा नाही. एका बाजूला अचानक टणक सूज आणि ड्रेनमध्ये भराभर लाल रक्त, १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप, व्रणाभोवती पसरणारी लाली, पू, दुर्गंधी, काळवंडत जाणारी त्वचा, यातलं काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी फोन करा.

एकाच पायाची पोटरी सुजली, दुखते आहे, तर गुठळीची शक्यता असते, तेव्हा लगेच रुग्णालयात जा. अचानक दम लागला, छातीत दुखलं, खोकल्यातून रक्त आलं तर पट्टा उघडा आणि सरळ १०८ ला फोन करा. बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज चोवीस तास उघडं असतं, म्हापसा आणि मडगावची जिल्हा रुग्णालयंही. ऑपरेशनची तारीख, चालू औषधांची यादी आणि सर्जनचा नंबर एका कागदावर लिहून तो पहिल्या दिवसापासून फ्रिजवर चिकटवून ठेवा आणि घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा.